थोरला कॅमेरा आणि धाकटा कॅमेरा



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयापासून अवकाशयानापर्यंत नाना विषय मांडले गेले आहेत. त्या मानाने आमचा विषय अगदीच बाजारातला वाटेल. गळ्यात पट्टा अडकवून वागवावा लागणारा, भिंगे बदलता येणारा थोरला डीएसएलआर कॅमेरा आणि सदऱ्याच्या खिशात मावणारा धाकटा डिजिटल कॅमेरा, या दोहोंची तुलना आम्ही करणार आहोत. यांत चांगला कोणता, हा प्रश्न दुकानात विचारला तर त्याचे उत्तर किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. परंतु तोच प्रश्न इतिहासाला विचारला, तर इतिहास उलट प्रश्न करतो: चांगला कोणासाठी? कोणत्या कामासाठी? आणि कोणत्या दारातून आत शिरण्यासाठी? कामगार चळवळीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ही उलटतपासणी नवी नाही. हत्यार कसे आहे याबरोबरच ते कोणाच्या हातात आहे, हे पाहण्याची आम्हांला सवयच लागलेली आहे.

प्रथम वस्तू नीट पाहू. निवाडा मागाहून करू. आम्ही मुद्दाम २००७ हे साल निवडतो. त्या वर्षी निकॉन कंपनीने डी३ हा व्यावसायिकांसाठी केलेला डीएसएलआर जाहीर केला आणि त्याच वर्षी कॅनन कंपनीने डिजिटल इक्सस ७० हा खिशातला कॅमेरा बाजारात आणला. डी३ चे वजन भिंगाशिवाय सुमारे सव्वा किलो. इक्ससचे भिंगासकट सुमारे सव्वाशे ग्रॅम. पहिल्याची अमेरिकेतील किंमत ५००० डॉलरच्या घरात, तीही भिंग सोडून. दुसऱ्याची ३०० डॉलरच्या घरात. म्हणजे वजनात दसपट आणि किमतीत सोळापटींहून अधिक अंतर. आता जाहिरातवाले ज्याचा डंका पिटतात ते मेगापिक्सेल पाहा: पहिल्याचे १२, दुसऱ्याचे ७. किमतीत सोळापट आणि ठिपक्यांत दुप्पटही नाही! मग पैसा जातो कोठे?

तो जातो प्रकाश गोळा करण्याच्या जागेत. जुन्या फिल्मच्या ठिकाणी आता कॅमेऱ्याच्या पोटात सेन्सर नावाची प्रकाश टिपणारी चकती बसलेली असते. डी३ ची चकती ३६ मिलिमीटर रुंद आणि सुमारे २४ मिलिमीटर उंच. इक्ससची सुमारे पावणेसहा मिलिमीटर रुंद आणि सव्वाचार मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिली दुसरीच्या सुमारे ३५ पट भरते. पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली, तर पाऊस दोहोंवर सारखाच पडतो. पाणी मात्र परातीत जास्त साठते. प्रकाशाचेही तसेच आहे. एकेका ठिपक्याच्या वाट्याला आलेली जागा मोजली तरी डी३ मध्ये ती सुमारे २० पट मोठी आहे. म्हणून लख्ख उन्हात दोघांनी काढलेली चित्रे पोस्टकार्डाएवढी छापली, तर आपल्यासारख्याला फरक ओळखणे जड जाते. पण दिवेलागणीनंतर, सभामंडपाच्या पिवळ्या उजेडात किंवा कारखान्याच्या अंधाऱ्या खात्यात धाकट्याच्या चित्रावर रंगीत कणांची रांगोळी उमटते आणि थोरला मात्र आपले काम बिनबोभाट करीत राहतो.

दुसरा फरक पाहण्याचा. डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर पाचकोनी काचेत वळतो आणि डोळ्यापर्यंत येतो. ज्या भिंगातून चित्र निघणार त्याच भिंगातून डोळा पाहतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, मिटतो आणि आरसा परत खाली येतो. डी३ हे सारे सेकंदाला ९ वेळा करू शकत असे. धाकट्याला आरसाच नाही. तो पाठीवरच्या छोट्या पडद्यावर चित्र दाखवतो आणि कळ दाबल्यावर अंतर जुळवायला थोडा वेळ घेतो. तो थोडा वेळच घात करतो. धावत्या पोराचे चित्र काढावे, तर चित्रात पोराची पाठ येते.

तिसरा फरक खोलीचा. लहान चकतीच्या कॅमेऱ्यात जवळचे-दूरचे सारेच स्पष्ट येते. इक्ससचे भिंग पूर्ण उघडले तरी त्यातून मिळणारी खोली मोठ्या कॅमेऱ्यात भिंग बरेच मिटून, सुमारे एफ १७ वर ठेवून, मिळणाऱ्या खोलीइतकी असते. थोरल्या कॅमेऱ्याने एका माणसाचा चेहरा उठावदार ठेवून मागची गर्दी धूसर करता येते. धाकटा ती गर्दी पुसत नाही. कलावंताला हा धाकट्याचा दोष वाटतो. पण ज्याला मागच्या भिंतीवरची पाटी, कोपऱ्यातले यंत्र आणि दाराशी उभा असलेला माणूसही पुराव्यात हवा आहे, त्याला हाच गुण वाटतो.

चौथा फरक कच्च्या मालाचा. डी३ सेन्सरवरची मूळ नोंद जशीच्या तशी ठेवू शकतो, आणि तीत उजेड-अंधाराच्या १६,३८४ पायऱ्या असू शकतात. इक्सस मात्र स्वतःच चित्र शिजवून, दाबून, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांत बसवून तयार माल हातात देतो. एकात कच्चा माल कारागिराच्या हाती राहतो. दुसऱ्यात कारखान्याने ठरवून दिलेला पक्का माल मिळतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ती या जोडीच्या पूर्वजांतही दिसते.

होय, या दोघांना पूर्वज आहेत. १८३९ साली पॅरिसमध्ये डागेरच्या पद्धतीची घोषणा झाली आणि १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच धुवायची; सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे छायाचित्रकार जाईल तेथे अंधारी खोलीही गेली पाहिजे. १८५५ साली रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेला तो दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी अंधारखोलीत बदलून. पैसा प्रकाशकाचा आणि शिफारसपत्रे राजघराण्याची. त्याने साडेतीनशेहून अधिक छायाचित्रे आणली. त्यांत तंबू आहेत, घोडे आहेत, बिल्ले लावलेले अधिकारी आहेत, तोफगोळे विखुरलेली ओसाड दरी आहे. प्रेते मात्र नाहीत. एकेका चित्राला लागणारे कित्येक सेकंद हे त्याचे एक कारण. परंतु ज्याच्या पैशाने गाडी चालते त्याला काय पाहणे रुचेल, हेही गाडीवानाला कळत असतेच.

आपल्या मुंबईने या विद्येत मागे राहणे पत्करले नाही. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतील जाणते छायाचित्रकार होते आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्या वर्गातून शिकून पुढे पेढी चालवली. आपल्या माणसांचे हे कर्तृत्व अभिमानास्पद आहे. तथापि कॅमेरा, काच आणि रसायने यांचा खर्च पाहता ही विद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यापलीकडे फारशी उतरली नाही, हेही खरे.

ती उतरवली रॉचेस्टर शहरातल्या एका बँक कारकुनाने. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली कोडॅक नावाची पेटी २५ डॉलरला विकायला काढली. तीत १०० चित्रांची फीत आधीच भरलेली असे. चित्रे संपली की पेटीच कारखान्यात पाठवायची; १० डॉलर घेऊन कारखाना चित्रे धुऊन, नवी फीत भरून पेटी परत करी. पुढे १९०० साली ब्राउनी नावाचा कॅमेरा अवघ्या १ डॉलरला निघाला आणि शाळकरी पोरांच्या हातीही छायाचित्रण आले. धाकट्या घराण्याचा मूळ पुरुष तो हाच. यात श्रमाची केवढी उलथापालथ झाली ते पाहा. पूर्वी एकच माणूस काच लिंपी, चित्र घेई, धुई आणि छापी. आता चित्र घेणारा निराळा आणि बाकीचे सारे करणारे कामगार निराळे. बटण दाबणाऱ्याचे काम सोपे झाले, कारण उरलेले काम दूर कोठेतरी शेकडो हात करू लागले. सोपेपणा आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी दुसरा घाम गाळून तयार करीत असतो.

येथवर ऐकून कोणास वाटेल की थोरला कॅमेरा धन्याचा आणि धाकटा गरिबाचा, असा सरळ हिशेब आम्ही मांडत आहोत. इतिहास इतका सरळ नाही. लुईस हाइन याचे उदाहरण घ्या. वडील वारल्यावर कोवळ्या वयातच त्याला कारखान्यात राबावे लागले होते. पुढे तो शिक्षक झाला आणि १९०८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालश्रम समितीसाठी छायाचित्रे काढू लागला. खिशात मावणारे कॅमेरे तेव्हा मिळत होते. पण गिरणीच्या अंधारात त्यांचा निभाव लागणारा नव्हता. म्हणून हा माणूस पाच इंच गुणिले सात इंचांच्या काचांचा अवजड कॅमेरा, तिवई आणि मॅग्नेशियमची पूड घेऊन सूतगिरण्या, काचकारखाने आणि कोळशाच्या खाणी हिंडला. आत जाण्यासाठी तो कधी बायबल विकणारा होई, कधी आगीच्या बंदोबस्ताचा तपासनीस, कधी यंत्रांची चित्रे काढणारा. पोरांची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी आणि खिशातल्या खिशात नाव, वय, काम टिपून घेई.

या चित्रांचा परिणाम एका रात्रीत झाला नाही. १९१६ साली बालश्रमाला आळा घालणारा कायदा झाला, तो १९१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि १९३८ साली पुन्हा देशव्यापी कायदा यावा लागला. हाइन मात्र १९४० साली विपन्नावस्थेत वारला. आज त्याची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत, आणि ती वाचता येतात ती काचेच्या आकारामुळे जितकी, तितकीच त्याच्या टिपणांमुळे. नाव, गाव, तारीख आणि रोजी यांवाचून ती चित्रे नुसत्या केविलवाण्या पोरांची राहिली असती. थोरल्या कॅमेऱ्याला थोरपण आले ते त्या पेन्सिलीने.

इकडे जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नाक नावाच्या यंत्रज्ञाला दम्याचा विकार होता. डोंगरात हिंडताना काचांचा बोजा त्याला झेपेना. सिनेमाची फीत आडवी चालवून, तिच्या दोन चौकटींचे मिळून एक चित्र घेणारा छोटा कॅमेरा त्याने १९१३-१४ च्या सुमारास घडवला आणि १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला. चित्राचा आकार २४ गुणिले ३६ मिलिमीटर. श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच, की डी३ च्या चकतीचा आकार जवळपास हाच आहे! आज ज्याला आपण मोठ्या चकतीचा म्हणतो, तो आकार जन्मला तेव्हा त्याची गणना खेळण्यात होत होती. त्याच मापाच्या फितीवर १९३६ साली ड्रेस्डेन येथे एक्झाक्टा हा आरशाचा कॅमेरा निघाला, १९४९ साली तेथेच पाचकोनी काच आली, १९५४ साली जपानमध्ये आपोआप खाली येणारा आरसा आला आणि १९५९ साली निकॉन एफ. कालचा धाकटा येणेप्रमाणे आजचा थोरला झाला.

दोन्ही जाती एकाच काळात कशा नांदल्या हे आपल्याच देशात दिसते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीत अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा खांद्यावर घेऊन स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांतील समारंभ टिपीत होत्या. त्याच दिल्लीत ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येपूर्वी थोडाच वेळ, त्यांची भेट घेऊन निघालेल्या आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या हातात लायका होता. दोघांचीही चित्रे आज आपला इतिहास आहेत. कॅमेऱ्याच्या आकारावरून त्यांत भेद करू जाणारा मनुष्य नाचता येईना अंगण वाकडे म्हणणाऱ्याच्याच जातीचा.

परंतु काही दारे अशी असतात की तेथे थोरला कॅमेरा जाऊच शकत नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत, जेथे माणसे विषारी वायूने मारली जात होती, तेथे प्रेते जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या ज्यू कैद्यांनी एक छोटा कॅमेरा चोरून आत आणला. एकाने चित्रे घ्यायची आणि इतरांनी पहारा ठेवायचा. एकूण ४ चित्रे निघाली. फीत दंतमंजनाच्या नळीत दडवून छावणीबाहेर, क्राकोव्हच्या भूमिगत कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचवली गेली. चित्रे तिरकी आहेत, अस्पष्ट आहेत. एकात तर झाडांच्या फांद्यांखेरीज काहीच नाही. कोणत्याही छायाचित्र-स्पर्धेतून ती पहिल्या फेरीतच बाद झाली असती. आणि तरीही, एवढ्या मोलाची चित्रे त्या शतकात फार थोडी निघाली. ते तिरकेपण हीच त्यांची सही आहे. माणूस जिवावर उदार होऊन उभा होता आणि त्याला कॅमेरा डोळ्याला लावण्याचीही सवड नव्हती, हे ते सांगते.

आता डिजिटल युगाकडे येऊ. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाचा प्रकाश टिपणारा तुकडा कल्पिला. त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो, ठिपके अवघे १०,००० आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या शरीरात आपली चकती बसवून वृत्तपत्रांसाठी कॅमेरा काढला, त्याची साठवणपेटी वेगळी खांद्याला अडकवावी लागे. १९९५ साली कॅसिओ कंपनीने मागे पडदा असलेला छोटा क्यूव्ही-१० आणला. १९९९ साली निकॉन डी१ आला आणि २००३ साली कॅननने ३००डी हा डीएसएलआर १००० डॉलरच्या आत आणला. पुन्हा तीच दोन घराणी, फक्त पोटातली फीत गेली.

आणि पुन्हा तोच अनुभव. २००३ साली इराकमध्ये अबू घ्रैब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी कैद्यांची विटंबना केली. मोठमोठे कॅमेरे घेतलेले वृत्तछायाचित्रकार त्या देशात कमी नव्हते; पण त्या कोठड्यांत त्यांना प्रवेश नव्हता. तेथील चित्रे खुद्द सैनिकांनीच, गंमत म्हणून, आपल्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी काढली. जानेवारी २००४ मध्ये जोसेफ डार्बी या सैनिकाने त्यांची तबकडी तपास अधिकाऱ्यांच्या हवाली केली आणि एप्रिलमध्ये ती जगाने पाहिली. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कॅमेरा अत्याचार करणाऱ्यांच्याच हातात होता आणि तो अत्याचाराचाच भाग झाला होता. त्याचा पुरावा झाला तो एका माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीने. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण कॅमेऱ्याला लागू पडते. परंतु ससा एका हातातून दुसऱ्या हाती जाऊही शकतो.

धाकटा कॅमेरा जन्मतःच गरिबाचा सोयरा असतो, हा भ्रमही सोडला पाहिजे. १९७० साली अमेरिकेतील पोलरॉइड कंपनीत रसायनतज्ज्ञ कॅरोलाइन हंटर आणि छायाचित्रकार केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना कळले, की आपण बनवतो त्या झटपट चित्राच्या यंत्रावर दक्षिण आफ्रिकेतील काळ्या जनतेच्या पासबुकांतील चित्रे निघतात. त्या पासावाचून काळ्या माणसाला स्वतःच्या देशात फिरण्याची मुभा नव्हती. त्यांनी सहकाऱ्यांची संघटना बांधली, बहिष्काराची हाक दिली, नोकऱ्या गमावल्या. आणि १९७७ साली कंपनीला त्या देशातून अंग काढून घ्यावे लागले. आपल्या हातून घडणाऱ्या वस्तूचे पुढे काय होते, हे विचारण्याचा हक्क कामगाराला आहे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आता भाकरीचा प्रश्न. दर वेळी धाकटा कॅमेरा पुढे सरसावला, की कोठेतरी कोणाची तरी रोजी गेली आहे. रॉचेस्टरमध्ये १९८० नंतरच्या ऐन भरात कोडॅककडे सुमारे ६०,००० माणसे कामाला होती. पहिला डिजिटल कॅमेरा ज्या कंपनीत जुळला तीच कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली. आपल्याकडेही उदकमंडलचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना, जो १९६० साली स्थापन झाला, फिल्मबरोबरच मावळला. मग ज्या धाकट्याने फिल्म गिळली, त्यालाच फोनने गिळले. २००७ साली, म्हणजे आम्ही तुलनेसाठी घेतलेल्या त्याच वर्षी, आयफोन आला. जपानी उत्पादक संघाच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ साली ८० लाखही गेले नाहीत. चीनमधील वूशी येथला निकॉनचा छोट्या कॅमेऱ्यांचा कारखाना २०१७ साली बंद झाला. थोरल्यालाही आता आरसा नकोसा झाला असून कंपन्यांचे लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळले आहे.

मे २०१३ मध्ये शिकागो सन-टाइम्स या वृत्तपत्राने आपले सर्वच्या सर्व २८ छायाचित्रकार एका दिवसात काढून टाकले. त्यांत १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळवणारे जॉन व्हाइटही होते. बातमीदारांना सांगण्यात आले, की आता फोनवर चित्रे काढा. युनियनने झगडून पुढे चौघांना परत घ्यायला लावले. येथे व्यवस्थापनाचा जो युक्तिवाद होता तो आम्ही यंत्रमागापासून संगणकापर्यंत सर्वत्र ऐकलेला आहे: यंत्र सोपे झाले, सबब माणूस नको. परंतु आजच्या तुलनेने काय दाखवले? कळ दाबणे सोपे झाले आहे. कोठे उभे राहावे, केव्हा दाबावे, कोणाला सांभाळून घ्यावे, खाली काय लिहावे, हे सोपे झालेले नाही. ते कसब कॅमेऱ्यात नव्हते. म्हणून ते कॅमेऱ्याबरोबर स्वस्तही होत नाही.

एक अनुभव सांगतो, कारण मुद्दा त्याने स्पष्ट होतो. एका कारखान्यात प्रेसवर काम करताना एका तरुणाची बोटे गेली. यंत्रावर संरक्षक जाळी नव्हती, असे कामगार म्हणत. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाने धंदेवाईक छायाचित्रकार बोलावून मोठ्या कॅमेऱ्याने चित्रे काढली. सुरेख, स्वच्छ, आणि जाळी जागच्या जागी. परंतु अपघाताच्याच संध्याकाळी एका सहकाऱ्याने खिशातल्या कॅमेऱ्याने एक चित्र घेतले होते. कणाकणांचे, पिवळट, पण जाळी भिंतीला टेकून ठेवलेली त्यात दिसत होती. कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेले होते, म्हणून तारीख-वेळही नोंदली गेली होती. तरीही नुकसानभरपाईचा निकाल आमच्या बाजूने लागला तो केवळ त्या चित्रामुळे नव्हे. तो सहकारी नोकरीची पर्वा न करता चौकशीत उभा राहिला आणि हे चित्र मी काढले, अमुक वाजता काढले, असे म्हणाला म्हणून लागला.

कायदाही हेच सांगतो. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर डिजिटल नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तशी तरतूद आहे. म्हणजे कॅमेरा पाच हजार डॉलरचा असो की तीनशेचा, त्याच्यामागे जबाबदारी घेणारा माणूस हवा.

तात्पर्य, श्रोतेहो, प्रकाश कमी असेल, वेग हवा असेल, चित्र भिंतीएवढे करायचे असेल, तेथे थोरल्याला पर्याय नाही; आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या कारागिराला योग्य मेहनताना देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. जेथे प्रवेश नाही, सवड नाही, आमंत्रण नाही, तेथे धाकटाच कामाचा. मग तो कॅमेऱ्याच्या रूपात असो की फोनच्या. परंतु दोघांचीही चित्रे नाव-गाव-तारखेवाचून मुकी राहतात. आपल्या नगराचे पूर, संप, जत्रा, पाडलेल्या इमारती आणि बंद पडलेले कारखाने घराघरांतल्या फोनांत आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या कार्डांत पडून आहेत. ती कार्डे एक दिवस निकामी होतील आणि चित्रातली माणसे ओळखणारे आपणही राहणार नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. घरी गेल्यावर जुनी चित्रे काढा. कोण, कोठे, केव्हा आणि काय करीत आहे, हे प्रत्येकाखाली लिहा. मूळ प्रत जपा आणि दुसरी प्रत नगरवाचनालयात द्या. वाचनालयाच्या चालकांनीही त्यासाठी एक कपाट आणि एक जाणता माणूस, पगार देऊन, नेमावा. लुईस हाइनने अंधाऱ्या गिरणीत, खिशातल्या खिशात, जे काम केले, ते आपल्याला उजेडात बसून करायचे आहे.